घर चकाचक, तरी नाक का वाहतं?

घराची साफसफाई ज्या दिवशी जोरात निघते, नेमक्या त्याच दिवशी घरातल्या एखाद्याचं नाक सगळ्यात जास्त वाहतं. पडदे काढले, कपाटावरची धूळ झटकली, गादी आपटली, की तासाभरात शिंकांची माळ सुरू. मग वाद होतो. एकाचं म्हणणं, घर नीट स्वच्छ नसतं म्हणून त्रास होतो. दुसऱ्याचं म्हणणं, तुम्ही ही साफसफाई काढता म्हणूनच होतो. गंमत म्हणजे दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं.

त्यात जाहिरातींची भर. हवा शुद्ध करणारं यंत्र घ्या, ॲलर्जीरोधक उशी घ्या, गादीवर मारायचा स्प्रे घ्या. यातलं काही खरंच उपयोगी आहे, काही ठरावीक माणसांनाच उपयोगी आहे, आणि काहींवर पैसे घालवण्यापेक्षा ते खिशात राहिलेले बरे. कुठलं कशात मोडतं हे कळायचं असेल, तर त्रास देणारा कण कुठून येतो आणि घरात कसा फिरतो, हे आधी कळायला हवं. बाकीचं बरंचसं त्यातून आपोआप उलगडतं.

शरीराचा गैरसमज

आपली प्रतिकारयंत्रणा जंतूंशी लढण्यासाठी आहे. काही माणसांत ती एखाद्या निरुपद्रवी पदार्थालाच शत्रू समजते. परागकण, मांजराच्या लाळेतलं प्रथिन, झुरळाची विष्ठा, काहीही. १९०६ साली क्लेमेन्स फॉन पिर्के या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञाने अशा बदललेल्या प्रतिसादाला ‘ॲलर्जी’ हे नाव दिलं. ज्या पदार्थामुळे ती उठते त्याला ‘ॲलर्जन’ म्हणतात. बहुतेक वेळा हे ॲलर्जन म्हणजे एखादं प्रथिन असतं.

पहिल्यांदा त्या प्रथिनाशी गाठ पडते तेव्हा वरकरणी काहीच होत नाही. आत मात्र शरीर त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची अँटिबॉडी तयार करून ठेवतं. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहानसन आणि बेन्निक यांनी ती स्वतंत्रपणे शोधली. ही अँटिबॉडी नाक, डोळे, त्वचा आणि फुप्फुसांतल्या मास्ट पेशींना चिकटून बसते. पुढच्या खेपेला तेच प्रथिन आलं, की या पेशी काही मिनिटांतच हिस्टामिन आणि त्याच्यासारखी इतर रसायनं बाहेर टाकतात. नाक गळतं, डोळे खाजतात, श्वासनलिका आकसते. काहींना पहिली लाट ओसरल्यावर चार ते आठ तासांनी दुसरी येते. म्हणून दुपारी केलेल्या साफसफाईचा त्रास रात्री झोपताना डोकं वर काढतो, आणि दोष मात्र रात्रीच्या वाऱ्याला दिला जातो.

‘आजवर कधी झालं नाही, मग आताच कसं?’ या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. शरीराची ही पूर्वतयारी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालू असते. तीच गादी, तेच मांजर, तेच घर, आणि त्रास मात्र अचानक सुरू झाल्यासारखा वाटतो.

धुळीतलं नेमकं काय नडतं?

‘मला धुळीची ॲलर्जी आहे’ असं आपण सहज म्हणतो. पण धूळ हा काही एक पदार्थ नाही. कपड्यांचे तंतू, माती, त्वचेचा कोंडा, केस, बुरशीचे बीजाणू, कीटकांचे तुकडे अशी ती सगळी भेसळ असते. यातलं नेमकं काय नडतं, याचा पत्ता बराच काळ लागत नव्हता. १९६४ साली नेदरलँड्समधल्या लायडनच्या फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरातल्या धुळीत राहणाऱ्या एका अतिसूक्ष्म जिवाकडे बोट दाखवलं. तो म्हणजे डस्ट माइट.

हा कीटक नाही. आठ पायांचा, कोळी आणि गोचीड यांच्या नात्यातला हा जीव. लांबी मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास, अंग जवळपास पारदर्शक, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. चावत नाही, रक्त पीत नाही. आपल्या त्वचेतून सतत गळणारा कोंडा हे त्याचं अन्न. गादी आणि उशीत तो का रमतो ते यावरून कळावं. तिथे अन्न आहे, ऊब आहे, आणि रात्रभर आपल्या श्वासातून नि घामातून मिळणारा ओलावा आहे.

ओलावा हीच त्याची नाजूक बाजू. माइट पाणी पीत नाही, हवेतली वाफ शरीरात शोषून घेतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली बराच काळ राहिली, की तो सुकून मरतो. स्वित्झर्लंडमधल्या दावोससारख्या उंचावरच्या कोरड्या, थंड हवेच्या गावांत माइट फारच कमी आढळतात, याचं कारण हेच.

आता मुख्य मुद्दा. त्रास मुळात जिवंत माइटमुळे होत नाही, त्याच्या विष्ठेमुळे होतो. एक माइट दिवसाला साधारण वीस बारीक गोळ्या टाकतो. प्रत्येक गोळी १० ते ४० मायक्रॉनची, म्हणजे परागकणाएवढी. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) अन्न पचवणारी माइटची एन्झाइम त्या गोळीत तशीच उरलेली असतात. त्यांतलं एक म्हणजे ‘डेर पी १’. मुळात प्रथिनं तोडण्याचंच त्याचं काम. आपल्या श्वासमार्गाच्या ओलसर अस्तरावर गोळी पडली की ते मोकळं होतं आणि पेशी एकमेकींना जोडून ठेवणारे सांधेच सैल करतं. आत शिरायची वाट ते स्वतःच काढतं म्हणा ना.

त्यामुळे माइट मेला म्हणून काम संपत नाही. मागे पडलेली विष्ठा धुऊन किंवा पुसून घराबाहेर काढावी लागते. माइट मारण्याच्या स्प्रेचा खप होतो तो हे अर्धंच सांगितलं जातं म्हणून. जाता जाता आणखी एक: ‘दहा वर्षांत माइटमुळे गादीचं वजन दुप्पट होतं’ हे वाक्य सगळीकडे फिरतं. त्याला काही आधार नाही.

काही कण बसतात, काही तरंगतात

मूठभर वाळू हवेत उडवली तर ती लगेच जमिनीवर येते. चिमूटभर टाल्कम पावडर उडवली तर ती उन्हाच्या तिरिपेत कितीतरी वेळ तरंगताना दिसते. घरातली ॲलर्जनं याच दोन जातींची असतात.

माइटची आणि झुरळाची ॲलर्जनं वाळूच्या जातीची. ती जड कणांवर बसून असतात. कुणी हलवलं तरच हवेत उठतात आणि साधारण अर्ध्या तासात पुन्हा खाली येतात. शांत खोलीच्या हवेत ती जवळजवळ नसतातच. ती असतात गादीत, उशीत, गालिच्यात, मऊ खेळण्यांत. आपण उशीत तोंड खुपसून सात-आठ तास झोपतो तेव्हा त्यांच्यापासून आपलं नाक काही बोटांच्या अंतरावर असतं. सकाळी उठल्या उठल्या शिंका येतात त्या यामुळे.

मांजराचं मुख्य ॲलर्जन ‘फेल डी १’ पावडरच्या जातीचं. ते मांजराच्या लाळेत आणि त्वचेतल्या तैलग्रंथींत तयार होतं. मांजर अंग चाटतं, लाळ केसांवर वाळते, तिचा भुगा होतो. यातले पुष्कळसे कण पाच मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. ते तासन्‌तास हवेत राहतात, भिंतींना आणि कपड्यांना चिकटतात आणि माणसांच्या अंगावरून दुसऱ्या घरी जातात. ज्या शाळांत आणि घरांत कधी मांजर नव्हतं तिथेही हे प्रथिन सापडलं आहे. कुत्र्याचंही थोडंफार असंच.

हा फरक लक्षात ठेवला की अर्ध्या जाहिराती आपोआप गळून पडतात. हवा गाळणारं यंत्र हवेत असलेलंच गाळणार. गादीत बसलेला कण त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

साफसफाईच्या दिवशीच्या वादाचा निकालही इथेच लागतो. कोरड्या फडक्याने पुसलं, कोरडी झाडलोट केली, चादर झटकली, की बसलेला जड कण नाकाच्या उंचीवर येतो. धूळ साठू दिली हे पहिलं चुकलं, ती कोरडी उडवली हे दुसरं. ओलं फडकं फिरवलं तर कण फडक्याला चिकटून बाहेर जातो. ज्याला त्रास आहे त्याने या वेळी खोलीबाहेर थांबावं आणि अर्ध्या-पाऊण तासाने आत यावं. दुसरं कुणी करणारं नसेल तर नाकावर घट्ट बसणारा मास्क लावून काम करावं.

खर्च करण्याआधी ॲलर्जी कशाची ते कळू द्या

आता पाकीट उघडावंसं वाटेल. जरा थांबा. ज्याला मांजराची ॲलर्जी आहे त्याने गादीची कव्हरं घेऊन काय होणार? ज्याला माइटची आहे त्याने मांजर सोडून का द्यावं?

तपासणी दोन प्रकारची असते. एकीत हाताच्या त्वचेवर निरनिराळ्या ॲलर्जनचे थेंब ठेवून हलकेच टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांत कुठे गांधी उठते ते पाहतात. दुसरीत रक्तातलं त्या त्या पदार्थाविरुद्धचं आयजीई मोजतात. पण रिपोर्ट पॉझिटिव्ह येणं आणि त्रास असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळांच्या शरीरात आयजीई असतं आणि त्रास काहीच नसतो. म्हणून रिपोर्टची सांगड रोजच्या अनुभवाशी घालावी लागते. त्रास सकाळी जास्त की संध्याकाळी? वर्षभर की एखाद्या ऋतूतच? चार दिवस घराबाहेर राहिलं तर बरं वाटतं का? चांगला डॉक्टर रिपोर्ट बघायच्या आधी हेच विचारतो.

आणि प्रत्येक शिंक ॲलर्जीची नसते. तंबाखूचा धूर, उग्र अत्तर, रंगाचा वास, जमिनीला लावायची झोंबरी रसायनं हे पदार्थ आयजीईशिवायच नाक आणि फुप्फुसं चिडवतात. ॲलर्जी असलेल्याला तर ते दुप्पट नडतात. घरात कुणी धूम्रपान करत असेल, तर बाकी सगळ्या उपायांच्या आधी ते घराबाहेर गेलं पाहिजे. यात तडजोड नाही. खिडकीत उभं राहून ओढलं तरी धूर आत येतोच.

गादीला कव्हर घातलं की झालं का?

या प्रश्नाची गोष्ट मोठी मजेदार आहे आणि तिच्यातून बरंच शिकायला मिळतं.

माइटपासून दूर गेल्याने फायदा होतो यात फारशी शंका नव्हती. दम्याच्या मुलांना उंचावरच्या कोरड्या हवेत ठेवलं की ती सुधारत. १९८२ साली इंग्लंडमध्ये माइटची ॲलर्जी असलेल्या नऊ दमेकऱ्यांना दोन महिने किंवा जास्त काळ रुग्णालयाच्या खोल्यांत ठेवलं गेलं. तिथे माइटचं प्रमाण अगदीच कमी. बहुतेकांचा दमा आटोक्यात आला, श्वासनलिकांचा चिडचिडेपणा कमी झाला.

मग साहजिकच विचार आला की रुग्णालय घरीच आणू. गादी, उशी आणि रजईला इतक्या घट्ट विणीची कव्हरं घालायची, की माइट आणि त्याची विष्ठा आतच अडकेल. २००३ साली ब्रिटनमधल्या १,१२२ प्रौढ दमेकऱ्यांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. अर्ध्यांना खरी कव्हरं दिली होती, अर्ध्यांना दिसायला तशीच पण साधी. दोन्ही गटांत काहीच फरक पडला नाही. ज्यांना माइटची ॲलर्जी होती त्यांच्यातही नाही. ॲलर्जीच्या सर्दीवर त्याच वर्षी झालेल्या दुसऱ्या चाचणीचा निकालही तसाच लागला. पुढे २००८ साली अशा ५४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, आणि माइट कमी करण्याच्या उपायांची शिफारस करता येत नाही असं त्यात म्हटलं गेलं.

मग कव्हरं म्हणजे थापच का? तेवढं साधं नाही. त्या मोठ्या चाचणीत सहा महिन्यांनी कव्हरवाल्या गाद्यांवरचं माइटचं प्रथिन कमी झालेलं होतं, पण वर्षाअखेर दोन्ही गटांतला फरक जवळजवळ मिटला होता. गालिचा तोच, सोफा तोच, खोलीतली दमट हवाही तीच. दहा वाटांपैकी एक बंद केली, एवढंच झालं.

२००४ साली अमेरिकेत उलट प्रयोग झाला. सात शहरांतली ९३७ मुलं घेतली. प्रत्येक मुलाला कशाची ॲलर्जी आहे ते आधी तपासलं आणि त्यानुसार त्याच्या घरात वर्षभर एकाच वेळी अनेक उपाय केले. कव्हरं, व्हॅक्यूम, झुरळांचा बंदोबस्त, धुराबद्दल घरच्यांशी बोलणं, सगळं. या मुलांचे त्रासाचे दिवस कमी झाले, आणि उपाय थांबवल्यानंतरच्या वर्षातही फरक टिकला. २०१७ साली इंग्लंडमधल्या एका चाचणीत माइटची ॲलर्जी असलेल्या २८४ दमेकरी मुलांवर फक्त कव्हरांचा पुन्हा प्रयोग झाला. वर्षभरात दमा उसळून रुग्णालय गाठावं लागलेल्यांचं प्रमाण साध्या कव्हरवाल्यांत ४१.५ टक्के आणि खऱ्या कव्हरवाल्यांत २९.३ टक्के निघालं. म्हणजे मुलांमध्ये निदान मोठे झटके तरी कमी झाले.

अमेरिकेच्या २०२० सालच्या दमाविषयक मार्गदर्शक सूचनांनी या सगळ्याचा अर्थ असा लावला: ज्याला एखाद्या गोष्टीची ॲलर्जी आहे आणि तिचा त्रासही होतो, त्याच्या घरी त्या गोष्टीविरुद्ध अनेक उपाय एकत्र करा. एकट्या कव्हरावर विसंबू नका. आणि ज्याला ती ॲलर्जीच नाही त्याच्या मागे ही कटकट लावूच नका. मला या शेवटच्या वाक्याचं फार कौतुक वाटतं. वैद्यकशास्त्राने ‘हे करू नका’ असं स्पष्ट सांगितलं की कितीतरी घरं सुटकेचा श्वास सोडतात.

झोपायच्या खोलीपासून सुरुवात करा

अख्खं घर एकदम सुधारायला गेलं की पंधरा दिवसांत उत्साह संपतो. दिवसातला एक तृतीयांश वेळ ज्या एका खोलीत, बराचसा एकाच कुशीवर जातो, तिथून आरंभ करावा.

माइटची ॲलर्जी असेल तर गादी आणि उशीला घट्ट विणीची, चारी बाजूंनी बंद होणारी कव्हरं घ्या. विणीतली भोकं १० मायक्रॉनपेक्षा बारीक हवीत. ‘ॲलर्जीरोधक’ एवढाच शब्द छापलेला असेल आणि भोकाचा आकार दिलेला नसेल, तर मी तरी ते घेणार नाही. वरची चादर, अभ्रे, पांघरूण आठवड्याला धुवा. पाणी ५५ ते ६० अंश सेल्सियसचं असेल तर माइट मरतात. गार पाण्याने मरत नाहीत, पण विष्ठेतलं प्रथिन पाण्यात विरघळत असल्याने त्यातलं बरंचसं निघून जातं. म्हणजे गरम पाण्याची सोय नाही म्हणून धुणं सोडायचं कारण नाही.

कडक ऊनही कामाचं आहे. उन्हाच्या तापाने आणि कोरडेपणाने पातळ अंथरूण-पांघरुणातले माइट मरतात. जाड गादीच्या पोटात मात्र ऊन पोचत नाही. आणि मेलेल्यांचा ऐवज आत उरतोच, म्हणून उन्हानंतर धुणं किंवा निदान घराबाहेर चांगलं झटकणं आलं. मुलांची मऊ खेळणी पिशवीत घालून दिवसभर डीप फ्रीजरमध्ये ठेवली तर माइट मरतात, पुढे तीही धुवायचीच. शिवाय पलंगावर एकच खेळणं ठेवायचं. कुठलं, ते मुलाला ठरवू द्या, नाहीतर रात्री रडारड होते.

गालिचा शक्य असेल तर या खोलीतून काढूनच टाका. व्हॅक्यूमने वरची धूळ निघते, पण माइटच्या पायांना आकडे असतात, ते तंतूंना धरून बसतात. साध्या व्हॅक्यूमच्या पिशवीतून बारीक कण मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येतात. घ्यायचाच तर हेपा फिल्टरचा घ्या. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारी गाळणी. जाड पडद्यांऐवजी धुता येतील असे पातळ लावा. पलंगाखाली भरलेल्या बॅगा आणि जुन्या वह्यांचे गठ्ठे दुसरीकडे हलवा. तिथे फडकं पोचत नाही म्हणूनच तिथे सगळं साठतं.

ओल गेली तर निम्मी लढाई जिंकली

माइटला ओलावा लागतो, झुरळाला पाणी लागतं, बुरशीला तर ओलीशिवाय जगताच येत नाही. एकाच उपायाने तिघांची कोंडी होते, म्हणून माझ्या मते सगळ्यात आधी पैसे लावायचे तर ओल काढण्यावर लावावेत.

आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र खोलीत ठेवा. आकडा ३० ते ५० टक्क्यांत असेल तर उत्तम, ६०च्या वर जाऊ देऊ नका. स्वयंपाकाची आणि अंघोळीची वाफ पंख्याने थेट घराबाहेर काढा. ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवलं असेल तर थोडं पुढे ओढा, त्याच्या पाठीमागे हवा खेळू द्या. ज्या प्रदेशात बाहेरची हवाच महिनोन्‌महिने दमट असते, तिथे नुसती खिडकी उघडून आर्द्रता उतरत नाही. तिथे ओलावा शोषणारं यंत्र किंवा एसी लागतो, आणि तेही जमत नसेल तर धुण्यापुसण्यावर जास्त भर द्यावा लागतो.

भिंतीवर काळे-हिरवे ठिपके दिसले की पहिला मोह त्यावर रंग मारायचा होतो. रंगाखाली बुरशी जगते आणि काही महिन्यांत पोपड्यांतून वर येते. आधी पाणी कुठून येतं ते शोधायचं: गळका नळ, छताची भेग, खिडकीच्या चौकटीतून झिरपणारा पाऊस. ते बंद करून भिंत सुकवायची, मग साबणाच्या पाण्याने घासून ठिपके काढायचे. मेलेल्या बुरशीचे बीजाणूही ॲलर्जी उठवतात, त्यामुळे नुसतं मारून भागत नाही, काढावं लागतं. पाणी सांडून गादी, पुठ्ठा किंवा लाकूड भिजलं तर २४ ते ४८ तासांत वाळवा. त्यानंतर बुरशी धरते. आणि ब्लीच कुठल्याही ॲसिडमध्ये किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो, आणि दमेकऱ्याला तर तो थेट रुग्णालय दाखवतो.

झुरळांचं थोडक्यात. त्यांची विष्ठा, लाळ आणि अंगाचे तुकडे हे ॲलर्जन. अख्ख्या घरात फवारा मारण्यापेक्षा फटी बुजवणं, रात्री खरकटं आणि पाणी उघडं न ठेवणं आणि सांदीकोपऱ्यांत जेलचे ठिपके लावणं जास्त परिणामकारक ठरतं. फवाऱ्याचा वास दमेकऱ्याला झोंबतो तो वेगळाच. झुरळं गेल्यावर ओट्याखालचा नि कपाटांमागचा भाग साबणाच्या पाण्याने धुवा. मागचा साठा तिथेच असतो.

परागकणांची ॲलर्जी असलेल्यांनी त्या मोसमात खिडक्या बंद ठेवाव्यात, कपडे बाहेर वाळत घालू नयेत आणि झोपण्याआधी केस धुवावेत. नाहीतर दिवसभराचे पराग उशीवर उतरतात.

मांजर सोडून द्यायचं का?

इथे गोड बोलून उपयोग नाही. मांजराची ॲलर्जी असेल आणि दमा वारंवार उसळत असेल, तर मांजर दुसऱ्या घरी देणं हाच सगळ्यात परिणामकारक उपाय आहे. ‘ॲलर्जी न होणारी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींवर विश्वास ठेवू नका. कमी केसांचं मांजरही अंग चाटतंच. मांजराला अंघोळ घातली तर ॲलर्जन उतरतं, पण आठवड्याभरात पूर्ववत होतं, आणि दर आठवड्याची ती झटापट दोघांनाही मानवत नाही.

पण ‘काढून टाका’ म्हणणं सोपं असतं. घरातल्या माणसासारखं झालेलं जनावर असं एका दिवसात कुणी देत नाही, आणि त्रास सौम्य असेल तर द्यायचीही गरज नसते. मग निदान झोपायच्या खोलीत त्याला पूर्ण मज्जाव करा, हात लावल्यावर हात धुवा, ते ज्यावर बसतं त्या गोष्टी धुता येण्याजोग्या ठेवा. आणि एक लक्षात असू द्या: मांजर गेल्यावरही घरातलं प्रथिन खाली यायला चार ते सहा महिने लागतात. महिनाभरात फरक नाही म्हणजे ॲलर्जी मांजराची नव्हतीच, हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

प्युरिफायर घ्यावा का? आणि कुंड्या?

मांजर, धूर, परागकण अशा तरंगणाऱ्या कणांसाठी हेपा प्युरिफायर हवा खरंच साफ करतो. हवा साफ झाली म्हणून लक्षणं कमी होतीलच याची मात्र खात्री नाही, कारण नवा माल सतत येत असतो. एकट्या माइटसाठी तो घेऊ नका. घेतलाच तर खोलीच्या आकाराला पुरेल असा घ्या आणि फिल्टर वेळेवर बदला. ओझोन सोडणारी यंत्रं मात्र घरात आणूच नका. ओझोन फुप्फुसांना झोंबतो, मग त्याला ‘ताजी हवा’ म्हणून विकलं तरी.

घरातली झाडं हवा शुद्ध करतात हा समज १९८९ सालच्या नासाच्या प्रयोगातून पसरला. तो प्रयोग लहानशा बंद पेटीत झाला होता आणि त्यात वायुरूप रसायनं मोजली होती, ॲलर्जनं नव्हे. खऱ्या खोलीत दोन-चार कुंड्यांनी काही फरक पडत नाही. आवडतात म्हणून झाडं ठेवा, फक्त माती सतत चिंब ठेवू नका, तिच्यावर बुरशी धरते.

‘अती स्वच्छतेनेच ॲलर्जी होते म्हणतात ना?’

हा आक्षेप ऐकीव नाही. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅकन यांनी ब्रिटनमधल्या सतरा हजारांहून जास्त मुलांची माहिती तपासली तेव्हा जितकी मोठी भावंडं जास्त, तितकी परागकणांची ॲलर्जी कमी, असं दिसलं. लहानपणी जंतूंशी पुरेशी ओळख झाली नाही तर प्रतिकारयंत्रणा भलत्याच गोष्टींवर उखडते, ही कल्पना तिथून पुढे आली. गुराढोरांच्या गोठ्याजवळ वाढणाऱ्या मुलांत दमा कमी असतो, हेही अनेक पाहण्यांत दिसलं आहे.

पण हा मुद्दा ॲलर्जी होऊच नये याबद्दलचा आहे, आणि तोही आयुष्याच्या अगदी सुरुवातीच्या काळातला. एकदा आयजीई तयार होऊन मास्ट पेशींना चिकटलं, की त्या माणसाला धुळीत बसवून ते उतरत नाही. शिवाय गोठ्यातली जंतूंनी गजबजलेली धूळ आणि बंद खोलीतल्या गादीत साठलेली माइटची विष्ठा यांत काहीही साम्य नाही. ‘आम्ही धुळीत लोळून मोठे झालो’ हे खरं असेल, पण दमेकरी नातवंडाच्या उशीवर त्याचा काही परिणाम होत नाही. बाकी निरोगी घराने जंतुनाशकाने रोज फरशी पुसत बसावं, असंही इथे कुणी म्हणत नाही.

किती दिवसांनी फरक कळेल?

अंथरुणावरचे उपाय नेटाने केले तर दोन-तीन महिन्यांत सकाळच्या शिंका कमी व्हायला हव्यात. तोवर रोज रात्री एक ओळ लिहून ठेवा: आज त्रास किती, औषध लागलं का, झोप मोडली का. नुसत्या आठवणीवर विसंबलं तर शेवटचा वाईट दिवसच लक्षात राहतो. तीन महिन्यांनी वहीत काही फरक दिसत नसेल, तर एकतर कण ओळखण्यात चूक झाली आहे किंवा एखादी वाट उघडी राहिली आहे. बहुतेकदा ती सोफ्यातून किंवा दुसऱ्या घरातून जाते. मूल आठवड्यातले चार दिवस आजोळी झोपत असेल, तर आपल्या घरची कव्हरं त्याला काय करणार?

आणि हे सगळं औषधांच्या जोडीने करायचं, त्यांच्याऐवजी नाही. घर सुधारलं म्हणून इनहेलर किंवा नाकातला स्प्रे परस्पर बंद करू नका, मात्रा कमी करायची तर डॉक्टरशी बोलून करा. छातीतून शिट्टीसारखा आवाज येणं, रात्री धाप लागून उठणं, बोलताना वाक्य पुरं न होणं, यांतलं काही असेल तर गादी नंतर, आधी दवाखाना. घर आणि औषध दोन्ही करूनही भागत नसेल तर इम्युनोथेरपीबद्दल विचारा. तिच्यात त्याच ॲलर्जनचे अगदी लहान डोस वाढवत नेऊन शरीराची त्याच्याशी समजूत घातली जाते. परागकणांवर लेनर्ड नून यांनी लंडनमध्ये १९११ साली ती प्रथम वापरून दाखवली होती. आज माइटसाठी ती इंजेक्शन किंवा जिभेखालच्या गोळीच्या रूपात मिळते आणि साधारण तीन वर्षं घ्यावी लागते. दमा आटोक्यात नसताना ती सुरू करत नाहीत.